मिशनच्या माळावरची पाखरे

आपल्या जिल्ह्यातील जुन्या धर्मग्रामांत ज्याला सरसकट ‘मिशन कंपाउंड’ म्हटले जाते, ते एक लहानसे संस्थानच असते. चर्च, फादरांचा बंगला, धर्मभगिनींचे कॉन्व्हेंट, मुलींचे बोर्डिंग, शाळा, दफनभूमी, एक मोठी विहीर आणि तिच्या थारोळ्यापाशी कुण्या परदेशी फादरांनी लावलेली जुनी चिंच. एवढे सांगून पुष्कळजण थांबतात. परंतु या सर्वांच्या पाठीमागे, कुंपणाची तार जिथे गंजून तुटलेली असते तिथून पुढे, आणखी काही जमीन मिशनच्या नावावर असते आणि तिच्याविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. आमच्या येथे ती साडेअकरा एकर आहे. सातबाऱ्यावर तिची नोंद ‘पोटखराबा’ अशी आहे. मुरूम, खडक आणि मधूनमधून वीतभर माती. पावसाळ्यात गुडघ्याएवढे गवत, उन्हाळ्यात करपून गेलेला पिवळा माळ. पलीकडच्या बाजूस गावचे गायरान, आणि दोहोंच्या मध्ये १९७२च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून बांधलेला पाझर तलाव.

सात वर्षांपूर्वी माझी नेमणूक नेवासे तालुक्यातील या धर्मग्रामात झाली. सकाळच्या मिस्सानंतर पाऊण तास चालत जावे, असा डॉक्टरांचा आदेश होता. मोठ्या रस्त्याने चालावे तर उसाच्या ट्रॅक्टरांपुढे जीव मुठीत धरावा लागे. म्हणून मी माळाकडे वळलो. सेमिनरीत असल्यापासून पाखरे पाहण्याचा नाद होताच. गळ्यात दुर्बीण अडकवून, कुसळांनी भरलेला झगा सावरत निघालेले फादर पाहून पहिले काही दिवस गुराखी मुले हसली. पुढे त्यांनाही सवय झाली.

आमच्या धर्मग्रामात ऐंशी ओलांडलेले एक कॅटेकिस्ट मास्तर आहेत. उमेदीचा सारा काळ त्यांनी सायकलवरून वाड्यावस्त्यांवर धर्मशिक्षण देण्यात घालवला. एके दिवशी ते म्हणाले, “फादर, ह्या उजाड माळावर तुम्ही रोज काय बघता?” मी त्यांना सोबत येण्याची विनंती केली. त्यानंतर ध्यानात आले ते असे, की पाखरांची पुस्तके माझ्याकडे होती आणि नावे मास्तरांकडे. एक चिमुकला पक्षी सरळ वर चढत जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकतो न टेकतो तोच पुन्हा उसळतो. मी पुस्तकात त्याच्या डोक्याचा नि पोटाचा रंग शोधत होतो. मास्तर म्हणाले, “हा डोंबारी.” डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेल्या माणसाला याहून अधिक काय सांगावयाचे! त्या दिवसापासून हाच माझा क्रम ठरला: आधी मास्तरांना विचारावयाचे, मग पुस्तक उघडावयाचे.

या माळरानावर दुर्बीण अथवा बंदूक घेऊन हिंडणारा मी काही पहिला मिशनरी नव्हे. आमच्यापासून फार दूर नसलेल्या वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. सॅम्युएल बेकन फेअरबँक यांनी दीर्घकाळ काम केले. १८४६ साली ते हिंदुस्थानात आले आणि १८९८ साली निवर्तले. शाळा, प्रवचने, दुष्काळ यांच्या धामधुमीतही या गृहस्थाने पाखरांचा आणि शंखशिंपल्यांचा अभ्यास सोडला नाही. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरचा परिसर येथे जमविलेल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याचे संपादक ॲलन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. (नगरच्या मंडळींनी त्यांची गल्लत आपल्याकडच्या मिशनरी ह्यूमसाहेबांशी करू नये.) दक्षिणेतील पळनी डोंगरांत राहणाऱ्या एका गाणाऱ्या पक्ष्याला ब्लँफर्ड यांनी १८६९ साली फेअरबँक यांचे नाव दिले, त्याच्या शास्त्रीय नावात ते आजही आहे. नेवासे तालुक्यात ज्वारीच्या शेतांतून हिंडणाऱ्या एका पाळकाचे नाव केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरील धुक्यात एक पाखरू मिरवीत असते, याची मला मोठी मौज वाटते. ते प्रॉटेस्टंट आणि आम्ही कॅथलिक. त्यांच्या काळात हे दोन पंथ एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. माळावर चालताना मात्र त्यांची सोबत मला परकी वाटत नाही.

त्या काळी ‘पक्षी जमविणे’ म्हणजे पक्षी मारणे होते, हेही सांगितले पाहिजे. गोळी घालावयाची, कातडे सोलून पेंढा भरावयाचा, चिठ्ठी बांधावयाची. अभ्यासाचा दुसरा मार्गच नव्हता. याच नगरात पुढे नारायण वामन टिळक राहिले. शिकाऱ्याची गोळी लागलेली पक्षीण पिलांसाठी कशीबशी घरट्यापर्यंत पोहोचते, ही त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. अभ्यासकाची बंदूक आणि कवीचा कळवळा या दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या मिशन वर्तुळातील. मला दोन्ही समजतात, पण टिळकांकडे मन अधिक ओढते.

आता माळाविषयी. उपवासकाळ सुरू होतो तेव्हा गवत पूर्ण वाळलेले असते. मार्चपासून मेअखेरपर्यंत माळ मेल्यासारखा दिसतो, आणि नेमका हाच काळ माळटिटवीच्या वीणीचा. घरटे म्हणजे चार खडे बाजूला सारून केलेला खळगा; त्यात मातकट, ठिपक्याठिपक्यांची अंडी. दोन पावलांवरून पाहिले तरी ती दिसत नाहीत. दुपारी खडक एवढा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. अशा वेळी टिटवी अंडी उबवीत नसते, निववीत असते. तलावाच्या उरल्यासुरल्या पाण्यात ती पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. मी हे पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहिले तेव्हा ऊन विसरून अर्धा तास बाभळीआड उभा राहिलो. पखुर्डीचा नर याही पुढे जातो. सकाळी उन्हे वर आली की पखुर्ड्यांचे थवे कुठून तरी दुरून तलावावर उतरतात, आणि नर आपल्या पोटाच्या पिसांत पाणी शोषून पिलांसाठी मैलोन्‌मैल घेऊन जातो. पिले ती पिसे चोखून तहान भागवतात.

टिटवीवरून आठवले. रात्री टिटवी ओरडली की कुणाचे तरी मरण ओढवणार, ही समजूत आमच्या ख्रिस्ती घरांतूनही गेलेली नाही. एक आजीबाई मला अपरात्री फोन करून म्हणाल्या होत्या, “फादर, टिटवी ओरडतीया, घरावर आशीर्वादाचं पाणी शिंपडाया या.” मी गेलो, पाणी शिंपडले, आणि सकाळी त्यांच्या नातवाला घेऊन माळावर गेलो. कुत्रे अंड्यांच्या जवळ फिरकले होते म्हणून ती बिचारी ओरडत होती. नातवाला ते पटले. आजीबाईंना कितपत पटले कोण जाणे. मात्र तेव्हापासून त्या माळावर कुत्रे सोडू देत नाहीत, आणि टिटवीला तेवढे पुरेसे आहे.

रोहिणी संपत आल्या की पावशाचे ओरडणे सुरू होते. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते. मृगाच्या आगेमागे काळापांढरा, तुरेवाला चातक हजर होतो. आपल्याकडे पावसाबरोबर येणारे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात असे पक्षितज्ज्ञ मानतात. पहिला चातक दिसला की मास्तर नोंदवहीत तारीख लिहून ठेवतात. पुढच्या पंधरवड्यात माळाचा कायापालट होतो. मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवते एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वाढतात. त्यांत लाव्यांची कुजबुज, तित्तरांच्या हाका आणि न दिसणाऱ्या असंख्य कीटकांचा गजर. या दिवसांत मी माळाच्या आत शिरत नाही, पायवाटेनेच कडेकडेने फिरतो. पायाखाली काय येईल याचा नेम नसतो.

अशाच एका श्रावणातल्या सकाळी मास्तरांनी मला तणमोराविषयी सांगितले. कोंबड्याएवढा, काळाभोर नर पावसाळ्यात गवतातून सरळ वर उसळतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसातून शेकडो वेळा. मास्तरांच्या लहानपणी तो या माळावर दिसे. नाशिक, नगर आणि सोलापूर हे जिल्हे त्याच्या वीणीसाठी पुस्तकांतूनही नोंदलेले आहेत. मी सात पावसाळे वाट पाहिली, अजून दिसला नाही. गिधाडांचेही तेच. माझ्या बालपणी मेलेल्या जनावरावर पन्नास-पन्नास गिधाडे उतरत. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शंभरातील नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. जनावरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध गिधाडांच्या मूत्रपिंडांना मारक ठरले. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली, तोवर आमच्या तालुक्यातील आकाश रिकामे झाले होते.

मतमाउलीच्या यात्रेसाठी आमची मंडळी सप्टेंबरात हरेगावला निघतात, त्या सुमारास भोरड्यांचे पहिले थवे येतात. ही गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना मध्य आशियातून येते आणि ज्वारीचा हंगाम आपलाच असल्यासारखी राहते. जुनी इंग्रजी पुस्तके हिला ‘रोझी पास्टर’ म्हणतात. पास्टर म्हणजे मेंढपाळ; जनावरांच्या मागे हिंडत ती किडे टिपते म्हणून हे नाव. त्या अर्थाने आम्ही समव्यवसायी आहोत. शेतकरी हिच्यावर गोफण चालवतात आणि तीही त्याच शेतातील नाकतोडे फस्त करून हिशोब काही अंशी चुकता करते. संध्याकाळी तलावाकाठच्या बाभळींवर हजारो भोरड्या उतरतात तेव्हा एवढा कलकलाट होतो, की बोर्डिंगच्या मुलींची संध्याप्रार्थना तीन वेळा थांबवावी लागल्याचे सिस्टर सांगतात.

पण माझ्या मते या माळाचे खरे वैभव आगमनकाळात असते, आणि ते सकाळी नव्हे, सूर्यास्तानंतर दिसते. भोवत्या हा सडपातळ, लांब पंखांचा शिकारी पक्षी. शेकडो कोसांवरून, मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून तो आपल्याकडे हिवाळ्यासाठी येतो. दिवसभर शेतांवरून, पडिकांवरून खालून खालून उडत नाकतोडे, सरडे, उंदीर टिपतो. घारी, गरुड झाडांवर रात्र काढतात; भोवत्या मात्र जमिनीवर, गवतात झोपतो, आणि तोही एकटा नव्हे. उजेड विझू लागला की चारी दिशांनी ते येऊ लागतात. आवाज नाही, घाई नाही. माळावर दोन-चार घिरट्या घेतात, एक उतरतो, पुन्हा उठतो, जागा बदलतो. मग गवत त्यांना एकेक करून पोटात घेते. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी मी आणि मास्तरांनी नऊ मोजले. फार मोठा आकडा नव्हे. पण त्या नऊ जणांनी आसपासच्या किती गावांवरून उडत येऊन हा तुकडा निवडला असेल, याचा विचार करीत आम्ही अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. झोपण्यापुरते उंच, न कापलेले, न जाळलेले गवत त्यांना लागते. आमच्या भागात आता असे गवत औषधाला उरले आहे.

याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. मुळा धरणाचे पाणी कालव्यांनी आले, ज्वारी-बाजरीची जागा उसाने घेतली, घरे पक्की झाली, मुले शिकली. या पाण्याने आपल्या लोकांच्या पोटाला अन्न दिले. त्याला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पाण्याबरोबर पाखरेही आली. जायकवाडीचे काम १९६५ साली सुरू झाले, १९७६ साली धरण पुरे झाले, गोदेकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. त्याच नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेवगाव-नेवाशाच्या बाजूने गेलात तर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, चक्रवाकांच्या जोड्या, बदकांचे थवे पाहावयास मिळतात. फेअरबँक यांच्या काळी येथे असा जलाशय नव्हता. म्हणजे पाणपक्ष्यांची भर पडली. वजाबाकी झाली ती गवतात राहणाऱ्यांची, आणि ती कुणी मोजली नाही.

एका पक्ष्याची तेवढी मोजली गेली. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर भागात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. एकट्या माणसाने, आठवड्याला सुमारे एक. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा राग यायच्या आधी मनात दुसरेच आले: मारावयास एवढे होते म्हणजे या जिल्ह्यात माळढोक होते तरी किती! पंधरा किलोपर्यंत भरणारा, माणसाच्या कमरेएवढा उंच हा पक्षी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. १९७२ साली सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याचे जगाच्या नजरेस आणले, आणि १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. आपल्याकडील कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे हे तालुकेही त्यात होते. गावे, शेते, रस्ते सर्व काही त्यातच. साहजिकच जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पक्ष्यावर रुसले. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. एवढा विस्तृत कायदा करून शेतकऱ्याला पाखराचा वैरी करण्यापेक्षा थोडे गवत मनापासून राखले असते तर बरे झाले असते, असे माझे प्रांजळ मत आहे. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आतबाहेर, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. १९९६ साली सेमिनरीतून सहलीला गेलो असता नान्नजला मी एक नर पाहिला होता. मान ताठ ठेवून तो गवतातून चालत होता. आपल्या जिल्ह्यात मला तो कधीही दिसला नाही.

ही सारी माहिती मी येथे उगाच मांडली नाही. दोन वर्षांपूर्वी धर्मग्राम समितीच्या सभेत आमच्या माळाचा प्रश्न निघाला. मुलींच्या बोर्डिंगचे छत गळते आहे आणि दुरुस्तीला पैसा नाही. समितीतील काही जबाबदार मंडळींनी सुचविले, की माळावर जेसीबी लावून तो सपाट करावा, तलावातील गाळ पसरावा आणि जमीन खंडाने द्यावी; छताचा प्रश्न दोन वर्षांत सुटेल. मागणी रास्त होती. पावसाळ्यात मुली पातेली ठेवून झोपतात, हे मी रोज पाहतो. दुसरी सूचना युवकांची: दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून सृष्टीची काळजी घ्यावयास सांगितले आहे, तेव्हा साऱ्या माळावर पाचशे झाडे लावू. या सूचनेला टाळ्या पडल्या. तिला विरोध करणे मला अधिक जड गेले. झाड लावणे म्हणजे पुण्य आणि गवत म्हणजे ओसाडी, हे आपल्या मनात फार खोल रुजले आहे. दाट झाडी झाली की भोवत्या तेथे उतरणार नाही, डोंबारी खेळणार नाही, टिटवी अंडी घालणार नाही, हे सभेत शब्दांनी पटवून देणे मला साधले नाही.

म्हणून मी सभा पुढे ढकलली आणि डिसेंबरातील एका शनिवारी संध्याकाळी साऱ्या समितीला माळावर बोलावले. स्वेटर, कानटोप्या घालून चौदाजण आले. एक भगिनी चहाची किटली घेऊन आल्या. जेसीबीची सूचना करणारे आमचे ज्येष्ठ सभासद खडकावर बसून घड्याळ पाहत होते. त्या दिवशी सातच भोवत्ये आले. पहिला उतरला तेव्हा कुजबुज झाली, चौथ्यानंतर कुणी बोलेना. परतताना ते सभासद एवढेच म्हणाले, “फादर, साठ वर्षं झाली, आमचं रान ह्याला लागून आहे.”

सभेत ठरले ते असे. माळ तीन वर्षे आहे तसा राहील. गवताचा लिलाव पूर्वी दसऱ्यालाच होई, तो आता दिवाळीनंतर होईल, आणि तलावाकडचा चार एकरांचा पट्टा होळीपर्यंत कापावयाचा नाही. वणवा लागू नये म्हणून कडेने जाळपट्टा काढावयाचा. युवकांची झाडे रस्त्याच्या दुतर्फा, शाळेच्या आवारात आणि दफनभूमीच्या कुंपणाला लागली. कडुलिंब, करंज, चिंच. त्यांतील साठाहून अधिक जगली आहेत. गवताच्या लिलावाचे पैसे छताच्या एका बाजूस पुरले. दुसऱ्या बाजूसाठी महागुरुस्वामींकडे अर्ज केला आहे आणि मुंबईला नोकरी करणाऱ्या आमच्या धर्मग्रामवासीयांनाही पत्रे धाडली आहेत. तीन वर्षांची मुदत पुढील वर्षी संपते. तोपर्यंत माझी बदलीही झालेली असेल.

सध्या मास्तरांची नोंदवही बोर्डिंगच्या आठवीतल्या दोन मुली लिहितात, कारण मास्तरांचा हात थरथरतो. ते नाव सांगतात, मुली लिहून घेतात. यंदाच्या पहिल्या चातकाची तारीख त्यांनीच टिपली. शनिवारी सकाळी साडेसहाला त्या दोघी विहिरीपाशी माझी वाट पाहत उभ्या असतात, आणि मिस्सा लांबला तर मला तोंडावर सांगतात, “फादर, पखुर्ड्या पाणी पिऊन गेल्या.”